नक्कल ४० मिनिटांची, विभाजन २० मिनिटांत: जीवाणूला हे जमते कसे?

सूक्ष्मजिज्ञासा (प्रश्न)

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जीवाणूच्या पेशीत डीएनएची नक्कल कशी होते, हा भाग नुकताच वाचून झाला. हेलिकेज दुहेरी धागा उलगडते, प्राइमेज आरएनएचा छोटा तुकडा घालून देते, पॉलिमरेज-३ त्याच्यापुढे नवा धागा विणत जाते, मागे राहणाऱ्या धाग्यावर ओकाझाकी तुकडे तयार होतात, पॉलिमरेज-१ त्यांतला आरएनए काढून तिथे डीएनए भरते आणि शेवटी लायगेज तुकडे सांधते, इथपर्यंत सगळे नीट समजले. अडचण आली ती वहीत एक साधा हिशेब मांडला तेव्हा.

ई. कोलायच्या वर्तुळाकार गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेसजोड्या असतात. नक्कल एकाच आरंभस्थानापासून सुरू होते आणि तिथून दोन फाटे विरुद्ध दिशांना निघून वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला एकमेकांना भेटतात. (‘रेप्लिकेशन फोर्क’साठी मी ‘फाटा’ हाच शब्द वापरते.) म्हणजे प्रत्येक फाट्याच्या वाट्याला २३ लाख बेसजोड्या आल्या. वेग सेकंदाला सुमारे १,००० बेसजोड्या धरला, तर २,३०० सेकंद, म्हणजे साधारण ३८ मिनिटे लागतात. पुस्तकातही ४० मिनिटेच दिली आहेत. मात्र त्याच पुस्तकात दोन प्रकरणे अलीकडे असे लिहिले आहे की, पोषक माध्यमात ३७ अंश सेल्सिअसला ई. कोलायची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होते.

ज्या वस्तूची नक्कल व्हायला ४० मिनिटे लागतात, तिच्या दोन पूर्ण प्रती दर २० मिनिटांनी दोन पेशींत कशा वाटल्या जातात? वर्गात विचारले तेव्हा ‘एकाच वेळी अनेक फाटे चालू असतात’ एवढेच उत्तर मिळाले. ते खरे असेलही, पण पहिली फेरी अर्धवट असताना दुसरी सुरू होत असेल, तर ती सुरू करायची वेळ झाली हे कोण ठरवते, आणि तिसरी, चौथी, पाचवी फेरी लगोलग सुरू होण्यापासून पेशीला कोण अडवते?

---

पेट्रीची_बशी

तुमचा हिशेब अचूक आहे. चूक आहे ती त्यामागच्या एका न बोललेल्या गृहीतकात. पेशीचा जन्म झाला की नक्कल सुरू होते आणि त्याच पेशीचे विभाजन होण्यापूर्वी ती पूर्ण होते, असे तुम्ही धरून चालला आहात. सावकाश वाढणाऱ्या जीवाणूंत ते बऱ्याच अंशी खरे असते. वेगाने वाढणाऱ्यांत मात्र नसते.

तुम्ही पदवीच्या वर्गात आहात म्हणून तिथलेच उदाहरण घेतो. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असला तरी महाविद्यालयातून दर वर्षी एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडते, कारण पहिली तुकडी बाहेर पडण्याची वाट न पाहता दुसरीला प्रवेश दिलेला असतो. शिकवण्याचा वेग वाढवावा लागत नाही. प्रवेश दर वर्षी द्यावा लागतो, एवढेच. हे उदाहरण एका ठिकाणी लंगडे पडते. महाविद्यालयात तुकड्या वेगवेगळ्या वर्गांत बसतात, तर जीवाणूत नवी फेरी त्याच अर्धवट नकललेल्या डीएनएवर सुरू होते आणि प्रत्येक फेरीगणिक आरंभस्थानांची संख्या दुप्पट होत जाते.

आता मिनिटांचा हिशेब. नकलेचे ४० मिनिटे तुम्ही धरलेच आहेत. त्यात आणखी २० मिनिटे मिळवा, कारण नक्कल पूर्ण झाल्यावर पेशीचे प्रत्यक्ष दोन भाग होईपर्यंत साधारण तेवढा वेळ जातो. पहिल्या कालावधीला सी आणि दुसऱ्याला डी म्हणतात. म्हणजे आरंभापासून विभाजनापर्यंत ६० मिनिटे झाली आणि तुमचे कोडे उलट आणखी अवघड झाले. पेशी दर २० मिनिटांनी दुभंगत असेल, तर एका विभाजनाची तयारी तीन पिढ्या आधीच सुरू व्हायला हवी. तसेच घडते. आजीपेशीच्या जन्मक्षणी सुरू झालेली फेरी तिच्या आयुष्यभर चालते, मुलीच्या आयुष्यभर चालते, नात जन्मते त्या क्षणी पूर्ण होते आणि नातीच्या विभाजनाला उपयोगी पडते.

नुकत्याच जन्मलेल्या या नातीच्या पोटात डोकावून पाहू. ४० मिनिटांपूर्वी सुरू झालेली फेरी आत्ताच संपली असल्यामुळे तिच्याजवळ दोन गुणसूत्रे आहेत. परंतु २० मिनिटांपूर्वी सुरू झालेली फेरी या दोन्हींवर अर्ध्या वाटेत आहे, म्हणून प्रत्येकावर आरंभस्थाने दोन, एकूण चार. याच क्षणी पुढची फेरी चारही ठिकाणी एकदम सुरू होते आणि आरंभस्थाने आठ होतात. फाटे मोजा: अर्ध्या वाटेतले जुने चार आणि नव्याने निघालेले आठ, मिळून १२. मराठीत ‘फाटे फोडणे’ हा दुर्गुण मानला जातो. या जीवाणूचा सगळा संसार मात्र त्यावरच चालतो.

---

वाढता_वक्र

एवढे गुंतागुंतीचे स्पष्टीकरण हवेच का? पोषक माध्यमात पेशीला कच्चा माल मुबलक मिळतो, त्यामुळे पॉलिमरेजचा वेगही वाढत असणार. विकरांचा वेग परिस्थितीनुसार बदलतो, हे आपण शाळेपासून शिकतो.

---

उलटा_पडदा

वर मांडलेली शंका रास्त आहे, पण ती मोजमापाने निकालात निघालेली आहे, आणि ते मोजमाप इतके देखणे आहे की त्याच्यावर थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये हा प्रश्न सोडवला. पेशीच्या कोणत्या वयात डीएनए किती वेगाने तयार होतो, हे त्यांना पाहायचे होते. पण चंबूत वाढणाऱ्या कोट्यवधी पेशी वेगवेगळ्या वयाच्या असतात. त्यांनी काय केले, तर वाढत्या पेशींना थोडा वेळ किरणोत्सारी थायमिडिन (नव्या डीएनएत विणला जाणारा एक घटक) दिले आणि मग त्यांना एका पातळ गाळण-पडद्यावर चिकटवले. पडदा उलटा केला आणि त्यातून उबदार ताजे माध्यम सावकाश वाहू दिले. चिकटलेली पेशी दुभंगली की तिची एक कन्या पडद्याला धरून राहते आणि दुसरी माध्यमाबरोबर खाली गळते. सुरुवातीला गळणाऱ्या पेशी या थायमिडिन देतेवेळी विभाजनाच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या मुली, आणि उशिरा गळणाऱ्या या तेव्हा नुकत्याच जन्मलेल्यांच्या. म्हणून गळून आलेल्या प्रत्येक पेशीत सरासरी किती किरणोत्सार आहे हे मिनिटागणिक मोजत गेले की, तिच्या आईच्या किंवा आजीच्या कोणत्या वयात डीएनए किती वेगाने तयार होत होता, ते उलट्या क्रमाने कळत जाते. प्रयोगशाळेत या यंत्रणेला ‘बेबी मशीन’ म्हणत.

निष्कर्ष असा निघाला की, दुप्पट होण्याचा काळ २० मिनिटांपासून ६० मिनिटांपर्यंत कितीही असला तरी सी सुमारे ४० मिनिटे आणि डी सुमारे २० मिनिटेच राहतो. माध्यम तिप्पट चांगले झाले म्हणून फाटा तिप्पट वेगाने पळत नाही. खूप उपासमारीच्या माध्यमात सी लांबतो हे खरे आहे, पण वाढ जलद असताना तो जवळजवळ स्थिर असतो. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर यात आश्चर्यही नाही. दुहेरी धाग्याचा एक वेढा साधारण साडेदहा बेसजोड्यांचा असतो, म्हणजे सेकंदाला १,००० बेसजोड्या उलगडणाऱ्या फाट्यापुढे दर सेकंदाला जवळजवळ १०० वेढ्यांचा ताण साचतो आणि गायरेज या विकराला तो तितक्याच वेगाने सोडवावा लागतो. मागे राहणाऱ्या धाग्यावर दर एक-दोन सेकंदांनी नवा ओकाझाकी तुकडा सुरू करावा लागतो तो वेगळाच. इतके करूनही पॉलिमरेज आपणच घातलेला चुकीचा बेस मागे वळून काढून टाकते. एवढा गाडा आधीच सुसाट चाललेला असताना तो आणखी दुप्पट वेगाने हाकण्यापेक्षा नवे गाडे लवकर रवाना करणे पेशीला सोपे पडते.

हिशेबाची आवड असल्यास एक सूत्रही आहे. पेशीमागे आरंभस्थानांची सरासरी संख्या म्हणजे २ चा घात, आणि घातांक म्हणजे सी अधिक डी भागिले दुप्पट होण्याचा काळ. ६० भागिले २० म्हणजे ३, आणि २ चा तिसरा घात ८. पेट्रीची_बशी यांनी एकेक मोजून काढलेला आकडा हाच आहे.

---

वाढता_वक्र

वेगाविषयीचा मुद्दा मागे घेतो. पडदा उलटा करण्याची युक्ती ठाऊक नव्हती.

---

सूक्ष्मजिज्ञासा

दोघांचेही आभार. वहीत २० मिनिटांची आकृती काढून पाहिली आणि आठ आरंभस्थाने खरोखरच जमली. पडताळा म्हणून ३० मिनिटांचीही काढली: जन्मताना आरंभस्थाने दोन, लगेच चार, दहाव्या मिनिटाला जुनी फेरी पूर्ण, आणि तिथून २० मिनिटांनी विभाजन. सगळे बसले.

आता प्रश्नाचा दुसरा भाग अधिकच टोचतो. ‘याच क्षणी चारही ठिकाणी एकदम सुरू होते’ असे लिहिले आहे. चार आरंभस्थाने पेशीत वेगवेगळ्या जागी आहेत, त्यांना तो क्षण कळतो कसा? आणि सुरू झाल्यावर जी आठ नवी आरंभस्थाने तयार होतात, ती लगेच पुन्हा का सुरू होत नाहीत?

---

आरंभबिंदू

तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टींची उत्तरे एकाच यंत्रणेच्या दोन बाजू आहेत, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म इथे आहे. पाठ्यपुस्तके फाट्यावरच्या विकरांची यादी देण्यात इतकी रमतात की, पेशी नकलेचे नियंत्रण वेगावर नव्हे तर आरंभावर ठेवते, ही गोष्ट एखाद्या ओळीत उरकली जाते. फ्रान्स्वा जेकब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्यूझँ यांनी १९६३ मध्येच असे सुचवले होते की, डीएनएवर एक ठरावीक जागा असावी आणि तिथे बसून नक्कल सुरू करून देणारे एक प्रथिन असावे. आज आपण त्या जागेला आरंभस्थान म्हणतो, आणि ई. कोलायमध्ये त्या प्रथिनाचे नाव आहे ‘डीएनए-ए’. (नाव ठेवणाऱ्याने विद्यार्थ्यांचा विचार केलेला दिसत नाही, हे प्रथिन आहे, डीएनएचा प्रकार नव्हे.)

आरंभस्थान जेमतेम २४५ बेसजोड्यांचे असते. त्यात डीएनए-ए बसण्याच्या काही छोट्या जागा असतात आणि एका कडेला १३-१३ बेसजोड्यांचे तीन पट्टे असतात, ज्यांत ए-टी जोड्यांचा भरणा असल्यामुळे ते सहज उकलतात. एटीपी (पेशीचा ऊर्जावाहक रेणू) धरलेले डीएनए-ए पुरेशा संख्येने इथे जमले की पट्टे उकलतात, उकललेल्या जागेत ‘डीएनए-बी’ नावाचे हेलिकेज चढवले जाते आणि दोन्ही दिशांना फाटे निघतात. पुरेसे जमण्याची ही अट महत्त्वाची. पेशी वाढते तसे डीएनए-ए वाढत जाते, आणि सगळी आरंभस्थाने त्याच एका साठ्यातून ते घेत असल्यामुळे उंबरठा जवळजवळ एकाच वेळी ओलांडतात. विल्यम डोनाची यांनी १९६८ मध्येच दाखवले होते की, आरंभाच्या वेळी पेशीचे वस्तुमान भागिले आरंभस्थानांची संख्या हे गुणोत्तर वाढीचा वेग बदलला तरी साधारण तेवढेच राहते. पेशी घड्याळ पाहत नाही, स्वतःचे आकारमान पाहते, असे म्हटले तरी चालेल.

आता दुसरी बाजू. एकदा सुरू झाल्यावर लगेच पुन्हा का नाही? त्या २४५ बेसजोड्यांत जी-ए-टी-सी हा चार अक्षरी क्रम तब्बल ११ वेळा येतो. चार अक्षरांचा कोणताही क्रम योगायोगाने २५६ बेसजोड्यांत सरासरी एकदा यायला हवा, तेव्हा ११ हा आकडा पाहताच शंका यावी. या क्रमातल्या ए वर ‘डॅम’ नावाचे विकर मिथाइल गटाची खूण करते. नक्कल झाल्या झाल्या जुन्या धाग्यावर खूण असते आणि नव्यावर नसते. गुणसूत्रावर इतरत्र डॅम मिनिट-दोन मिनिटांत नव्या धाग्यावरही खूण करून टाकते, पण आरंभस्थानाशी ‘सेक-ए’ हे प्रथिन त्याच्या आधी पोहोचते. अर्धीच खूण असलेले जी-ए-टी-सी त्याला विशेष प्रिय असल्यामुळे ते त्या जागेला मिठी मारून बसते. जवळजवळ एक तृतीयांश पिढीइतका वेळ तिथे डॅमलाही शिरकाव मिळत नाही आणि डीएनए-एलाही. नुकतीच वापरली गेलेली जागा कुलूपबंद होते आणि न वापरलेली उघडी राहते, म्हणून चार आरंभस्थानांपैकी एखादे क्षणभर मागे राहिले तरी त्याचीच पाळी येते, आधीच्याची पुन्हा येत नाही.

परंतु कुलूप कधीतरी उघडणारच. तोवर दुसरी गोष्ट उरकलेली असते. धाग्याभोवती कडे बनून पॉलिमरेजला धरून ठेवणारी जी प्रथिनकडी असते, तिच्याशी ‘एचडीए’ नावाचे प्रथिन जोडले जाते आणि ही जोडी डीएनए-एने धरलेल्या एटीपीचे एडीपी (त्याचे ऊर्जा खर्च झालेले रूप) करून टाकते. एडीपी धरलेले डीएनए-ए पट्टे उकलू शकत नाही. म्हणजे फाटे धावू लागले, ही घटनाच नवे फाटे काढणाऱ्याला निकामी करते.

हे नियंत्रण सुटले तर काय होते, हेही उत्परिवर्तित जातींवरून माहीत आहे. फेऱ्या गरजेपेक्षा लवकर सुटल्या आणि पुढचा फाटा कुठे अडखळला, तर मागून येणारा त्याला गाठतो, नव्याने विणलेले धागे टोकाशी मोकळे पडतात आणि डीएनए दुहेरी तुटतो. जास्त वेळा नक्कल करणे म्हणजे जास्त श्रीमंत होणे नव्हे. पेशी त्यात मरूही शकते.

---

पेट्रीची_बशी

वरच्या उत्तराला एक जोड. आरंभस्थाने आठ आणि पलीकडची समाप्तीची जागा मात्र दोनच, याचा अर्थ वेगाने वाढणाऱ्या पेशीत आरंभस्थानाजवळच्या जनुकांच्या प्रती दूरच्या जनुकांच्या चौपट असतात. ई. कोलायमध्ये रायबोसोमच्या आरएनएची सात जनुकसंकुले आहेत आणि त्यांतली बहुतेक आरंभस्थानाच्या बाजूलाच आहेत. वाढ जलद असते तेव्हाच रायबोसोम सर्वाधिक लागतात आणि तेव्हाच त्यांच्या जनुकांच्या प्रती आपोआप वाढतात. शिवाय ही सातही संकुले फाटा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने वाचली जातात, त्यामुळे आरएनए पॉलिमरेजची आणि फाट्याची समोरासमोर टक्कर टळते.

---

सूक्ष्मजिज्ञासा

आरंभबिंदू, आता चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटते आहे. एकच राहिले. सगळी आरंभस्थाने एकाच वेळी सुरू होतात हे प्रत्यक्ष पाहता येते का, की तेही सूत्रावरून काढलेले अनुमान आहे?

---

आरंभबिंदू

पाहता येते, आणि तुमच्या विभागात फ्लो सायटोमीटर असेल तर एका दिवसात पाहता येते. वाढत्या पेशींना रिफॅम्पिसिन आणि सेफालेक्सिन एकत्र द्यायचे. रिफॅम्पिसिनमुळे नव्या फेऱ्या सुरू होणे थांबते, पण धावते फाटे थांबत नाहीत. सेफालेक्सिनमुळे विभाजन थांबते. दोन-तीन तास तसेच ठेवले की प्रत्येक फाटा आपापली वाट संपवतो आणि औषध घालतेवेळी पेशीत जितकी आरंभस्थाने होती, तितकी पूर्ण गुणसूत्रे त्या पेशीत उरतात. मग डीएनएला चकाकणारा रंग देऊन एकेका पेशीची चमक मोजायची.

मी हा आलेख प्रथम पाहिला तेव्हा आपण अक्षच चुकीचे मांडले की काय, असे वाटले होते. पोषक माध्यमातल्या पेशींचे उंच सुळके ४, ८ आणि काही वेळा १६ गुणसूत्रांवर येतात, गरीब माध्यमातल्यांचे १ आणि २ वर किंवा २ आणि ४ वर. ३, ५, ६ किंवा ७ गुणसूत्रांच्या जागी जवळजवळ सपाट रेघ असते. चार आरंभस्थाने जर आपल्या मर्जीने, मागेपुढे सुरू होत असती, तर औषध घालण्याच्या क्षणी काही पेशी ५ वर, काही ६ वर, काही ७ वर पकडल्या गेल्याच असत्या.

याच पेशींतले सेक-एचे किंवा डॅमचे जनुक काढून टाका आणि तोच प्रयोग पुन्हा करा. ३, ५, ६, ७ या सगळ्या जागी सुळके उभे राहिलेले दिसतील.